जुना ट्रॅक्टर धूर मारतोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं जुन्या, साध्या डिझेल इंजिनांसाठी आहेत: महिंद्रा बी-275, मॅसी 1035, एचएमटी 2511, स्वराज 735, फोर्ड 3600 या पिढीची. टर्बो नाही, सेन्सर नाहीत, डिझेल पंप पूर्ण मेकॅनिकल. महिंद्राने 1963 साली इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली आणि त्यातूनच पुढे बी-275 निघाला. त्या घराण्यातले ट्रॅक्टर अजूनही कुणाकुणाच्या गोठ्याशेजारी उभे दिसतात आणि किल्ली फिरवली की चालतातही. कॉमन रेलच्या (सेन्सर आणि कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या) नव्या ट्रॅक्टरला यातलं बरंचसं लागू पडणार नाही.

धूर वाढला म्हणजे इंजिनचं काम निघालंच का?

नाही. गॅरेजवाल्याला फोन केला की पहिलं वाक्य बहुतेक वेळा "हाफ इंजिन करावं लागेल", म्हणजे इंजिन खोलून रिंगा-लायनर बदलावे लागतील, हेच येतं. पण काळ्या धुराच्या तक्रारी बऱ्याचदा इंजिन न खोलता मिटतात. क्रम लक्षात ठेवा: हवा, डिझेल, नोझल (डिझेलचा फवारा मारणारा भाग), टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग), पंप आणि सगळ्यात शेवटी रिंगा-लायनर (पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरचं आतलं अस्तर). पहिल्या दोन गोष्टी घरच्या घरी फुकटात तपासता येतात. शेवटच्या गोष्टीला अख्खा हंगाम आणि पिकाचे पैसे जातात. तपासणीही याच क्रमाने करा. मिस्त्री उलट्या टोकाकडून सुरुवात करत असेल तर त्याला निदान कारण तरी विचारा.

रंगावरून काय ओळखायचं?

काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही. हवा कमी पडते, डिझेल जास्त पडतं किंवा त्याचा फवारा बारीक होत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढऱ्यात दोन प्रकार आहेत. एक न जळलेल्या डिझेलचा: डोळे चुरचुरतात, उग्र वास येतो आणि धूर हवेत बराच वेळ तरंगतो. दुसरा पाण्याच्या वाफेचा: त्याला तसा वास नसतो आणि तो थोड्या अंतरावर विरून जातो.

फिकट निळा आणि पांढरा यांत गल्लत होते. धूर आभाळाकडे बघून ओळखू नका. मागे झाड किंवा काळी भिंत येईल असं उभं राहा.

आणि नुसता रंग पुरत नाही. धूर कधी येतो, हे जास्त सांगून जातं. फक्त सकाळी चालू करताना? मोकळ्या रेसवर? नांगर जमिनीत घातल्यावर? की बराच वेळ स्लो चालवून एकदम रेस दिल्यावर? मिस्त्रीकडे जाण्याआधी ही चार उत्तरं तयार ठेवा. त्याचा वेळ वाचेल, तुमचे पैसेही.

नांगरताना काळा धूर येतो, बाकी वेळी नाही. हे चालतं का?

थोडा चालतो. एकदम रेस दिल्यावर एक काळा भपका येऊन निवळला किंवा भारी जमिनीत पलटी नांगर खोल गेल्यावर धूर गडद झाला, तर त्यात काळजीचं काही नाही. एक गिअर खाली घ्या किंवा नांगर थोडा उचला. धूर लगेच कमी झाला तर ट्रॅक्टरवर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त लोड होता, एवढंच. 35 एचपीच्या ट्रॅक्टरला 50 एचपीचा रोटाव्हेटर जोडून धुराची तक्रार करण्यात अर्थ नाही.

पूर्वी जे काम सहज व्हायचं त्याच कामात आता धूर येतो, ओढ कमी झाली आणि डिझेलही जास्त लागतं, तर मग एअर क्लीनरपासून सुरुवात करा.

एअर क्लीनर तुंबलाय हे कसं ओळखू?

मोकळ्या, धूळ नसलेल्या जागी ट्रॅक्टर उभा करा. एअर क्लीनरकडून मॅनिफोल्डकडे (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीकडे) जाणारा होज काढा आणि जेमतेम मिनिटभर इंजिन रेस करून बघा. धूर स्पष्ट कमी झाला तर दोष तिथेच आहे. होज लगेच परत बसवा. शेतात असं चालवू नका, कारण धूळ थेट लायनरवर जाते आणि नव्या रिंगाही एका मोसमात खाऊन टाकते.

जुन्या ट्रॅक्टरांना बहुतेक ऑइल बाथचा, म्हणजे ऑइलच्या वाटीत धूळ धरणारा क्लीनर असतो. खालची वाटी काढा आणि तळाशी बोट घाला. बोटाला जाड काळा चिखल लागला तर ती वाटी वेळेवर धुतलेली नाही. वाटी डिझेलने धुऊन पुसा आणि आतल्या खुणेपर्यंतच ताजं इंजिन ऑइल भरा. वरची जाळीही डिझेलमध्ये खळखळवून धुवा आणि पूर्ण निथळू द्या. ओली जाळी बसवली तर तिच्यातलं डिझेल इंजिन ओढून घेतं. मळणी किंवा कोरड्या रानातली रोटाव्हेटरची पाळी चालू असेल तर वाटी रोज उघडून बघा. पावसाळ्यात इतकी घाई नसते.

एक चूक फार जण करतात: वाटीत खुणेच्या वर ऑइल भरतात. जादा ऑइल हवेबरोबर आत जातं आणि काळ्या धुराच्या जागी निळा धूर सुरू होतो. एअर क्लीनर नुकताच धुतल्यावर निळा धूर आला तर इंजिनाकडे नंतर बघा, आधी वाटी बघा.

एअर क्लीनर स्वच्छ आहे, तरी धूर काळाच. पुढे काय?

आधी डिझेल. प्लास्टिकच्या ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलच्या तळाशी पाणी आणि गाळ बसतो, पावसाळ्यात तर नक्कीच. टाकीखालचा आणि फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सोडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि काही वेळ तसंच ठेवा. पाणी खाली वेगळं दिसेल. दोन फिल्टर असतील तर पहिला फेल्टचा आणि दुसरा कागदी असतो. अदलाबदल करू नका आणि कागदी फिल्टर धुऊन परत वापरू नका. फिल्टर बदलल्यावर सिस्टिम एअर धरते. ब्लीडिंग स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत हँड प्रायमरने एअर काढा.

मग नोझल, मग टॅपेट. टॅपेट घट्ट असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन कमी होतं आणि धूर येतो. गॅप तुमच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर ठेवा. पर्किन्स पद्धतीच्या तीन सिलिंडरी इंजिनात, म्हणजे मॅसी 1035 मधल्या सिम्पसनसारख्या इंजिनात, थंड असताना तो साधारण 12 थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे 0.30 मिमी असतो. फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) वापरा. "हाताला कळतं" म्हणणाऱ्या मिस्त्रीकडूनही गेज लावून घ्या.

कोणता सिलिंडर धूर करतोय ते घरी कळेल का?

कळेल. फक्त एकट्याने करू नका आणि पुढचा इशारा वाचल्याशिवाय तर करूच नका.

इंजिन गरम करून स्लो ठेवा. एका नोझलकडे जाणाऱ्या हाय प्रेशर पाइपचा नट, नोझलच्या बाजूने, पान्याने अर्धा फेरा सैल करा. त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. चांगला सिलिंडर असेल तर इंजिन लंगडतं, आवाज बदलतो. काहीच फरक पडला नाही तर तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. आणि नट सैल करताच धूर थांबला तर चोर सापडला. नट घट्ट करा, मग पुढचा सिलिंडर.

आता इशारा. त्या पाइपमधल्या डिझेलचा दाब दर चौरस सेंटीमीटरला 100 किलोच्या वर असतो. फुटलेल्या पाइपातून किंवा नोझलमधून निघालेली धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, फारसं दुखतही नाही, पण आतलं मांस सडतं आणि बोट कापायची वेळ येते. गळती बोटाने चाचपायची नाही. तिच्यासमोर पुठ्ठा धरायचा. नट सैल करताना वर कापड टाका, चष्मा घाला. धार लागलीच तर हळद-मलम लावत बसू नका. थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल दाबाने आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

नोझल काढला. आता काय बघायचं?

टोक बघा. कोरडी, राखाडी-तपकिरी काजळी असेल तर ठीक. टोक ओलं, काळं, डिझेल थेंबणारं असेल तर नोझल बंद होत नाही. टोकावर कोळशाची टोपी जमली असेल तर फवारा वाकडा जातो.

खरी परीक्षा टेस्टरवर होते आणि डिझेल पंपाचं काम करणाऱ्या दुकानात टेस्टर असतो. स्वतः समोर उभं राहून बघा. हँडल दाबल्यावर कुरकुर आवाज होऊन बारीक धुकं निघालं पाहिजे, फवारा संपला की टोक कोरडं राहिलं पाहिजे. पिचकारीसारखी धार किंवा लोंबता थेंब म्हणजे नोझल बाद. जुन्या लोकांसाठी नोझल म्हणजे मायकोचा. नाशिकचा मायको सर्कल हा चौक त्याच कारखान्याच्या नावाने ओळखला जातो. आज तोच माल बॉशच्या नावाने येतो आणि त्याच्या नकलाही येतात. खोका, कोरलेला नंबर आणि बिल, तिन्ही बघून घ्या.

बसवताना तांब्याच्या वॉशरकडे लक्ष द्या. नोझल बाहेर काढला की खोबणीत जुना वॉशर बऱ्याचदा चिकटून राहतो. दिसत नाही, कारण तो काजळीने खोबणीच्याच रंगाचा झालेला असतो. मिस्त्री वरून नवा वॉशर टाकतो आणि नोझल एका वॉशरच्या जाडीएवढा वर बसतो. फवारा पिस्टनच्या वाटीत जिथे पडायचा तिथे पडत नाही आणि "नवे नोझल टाकले तरी धूर तोच" अशी तक्रार घेऊन माणूस परत येतो. टॉर्च लावून खोबणीत बघा, जुना वॉशर तारेच्या आकड्याने काढा, एकच नवा टाका.

ऊस वाहतुकीसाठी पंपाचं डिझेल वाढवून घेतलंय. धूर त्याचाच का?

बहुधा हो. पंपाचं सील तोडून स्क्रू फिरवला की ओढ वाढल्यासारखी वाटते, कारण खरोखर थोडी वाढते. पण हवा तेवढीच राहते. जादा डिझेलचा काळा धूर होतो आणि उष्णता पिस्टनच्या डोक्यावर जाते. दोन ट्रॉल्या भरून फडातून रस्त्यावर चढणाऱ्या ट्रॅक्टरांमागे जो काळा ढग दिसतो, त्यात बरेचदा हेच असतं. वर लायनरवरचं ऑइल धुऊन जातं आणि हंगाम संपता संपता रिंगांचं काम निघतं. पंप कॅलिब्रेशन बेंचवर लावून मूळ मापावर आणा, सील करून घ्या. जिथे ट्रॅक्टरची ताकद पुरत नाही तिथे एक ट्रॉली कमी करणं हाच उपाय आहे, कारखान्याच्या मुकादमाला तो आवडणार नसला तरी.

पंप काढून बसवल्यानंतर धूर सुरू झाला असेल तर टायमिंग (डिझेल सुटण्याची वेळ) तपासा. टायमिंग मागे पडलं की पांढरा-करडा धूर येतो आणि इंजिन सुस्त होतं. पुढे गेलं तर धूर कमी, पण कडक ठोका ऐकू येतो.

थंडीत सकाळी भरपूर पांढरा धूर येतो, मग थांबतो.

निफाडची डिसेंबरातली पहाट असेल तर काही मिनिटं तसं होणारच. थंड सिलिंडरात सगळं डिझेल जळत नाही. इंजिन गरम झाल्यावर धूर पूर्ण गेला तर हीटर प्लग, बॅटरी आणि स्टार्टर एवढंच बघा. स्टार्टर हळू फिरला तर कॉम्प्रेशनची उष्णता तयार होत नाही. हीटर प्लग नसलेल्या काही इंजिनांत इनटेक मॅनिफोल्डवर थर्मोस्टार्ट (थोडं डिझेल जाळून आत जाणारी हवा तापवणारा भाग) असतो. तो गळका झाला तर इंजिन गरम झाल्यावरही आत डिझेल सोडत राहतो आणि कारण सापडता सापडत नाही.

अर्धा-पाऊण तास चालूनही धूर जात नसेल आणि टेंपरेचरचा काटा वर सरकत नसेल, तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का बघा. बऱ्याच गॅरेजांत "आपल्याकडे गर्मीच असते" म्हणत तो काढून फेकतात. हे चुकीचं आहे. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन कामाच्या तापमानाला उशिरा पोचतं. तोवर डिझेल नीट जळत नाही, ते लायनरवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि झीज वाढते. सुटा भाग फार महाग नाही. बसवा.

पांढरा धूर दिवसभर येतो आणि रेडिएटरचं पाणी कमी होतं.

हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलंय, हेडला तडा आहे किंवा लायनरला छिद्र पडलंय. इंजिन थंड असताना रेडिएटरची टोपी काढा, पाणी काठोकाठ भरा, इंजिन चालू करा. लगेच आणि सतत बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरातला दाब पाण्यात जातोय. डिपस्टिकही बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर इंजिन पुन्हा चालू करू नका. गरम रेडिएटरची टोपी उघडायची नाही आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, कारण हेड तडकतं.

नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही. हेड लेथवाल्याकडे नेऊन पट्टी लावून सपाटी तपासा, गरज असेल तर फेस मारून घ्या. बोल्ट टॉर्क पान्याने, मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत घट्ट करा. आणि बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये भरणं थांबवा. त्याचा क्षार आत थर धरतो, इंजिन तापतं आणि त्याच गॅस्केटची पाळी पुन्हा येते. वेट लायनर (ज्याला बाहेरून थेट पाणी लागतं) असेल तर साध्या पाण्याने त्याच्या बाहेरच्या बाजूला बारीक खड्डे पडून आरपार छिद्रही होतं. कूलंट घाला.

निळा धूर रिंगांचा की व्हॉल्व्ह गाइडचा?

इंजिन गरम करून काही मिनिटं स्लो ठेवा, मग एकदम रेस द्या. निळा भपका येऊन थोड्या वेळात साफ झाला तर संशय गाइडवर, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीवर. स्लो असताना ऑइल गाइडमधून खाली झिरपून साठतं आणि एकदम जळतं. धूर कमी न होता लोडवर वाढतच गेला तर रिंगा.

खात्री करायला ऑइल भरायचं झाकण फिरवून सैल करा आणि नुसतं वर ठेवा. हलकी वाफ ठीक आहे. झाकण नाचायला लागलं आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फुसफुस धूर येत असेल तर कॉम्प्रेशन रिंगांच्या बाजूने खाली जातंय. मिस्त्रीकडे डिझेलचं कॉम्प्रेशन गेज असेल तर आधी कोरडं माप घ्यायला सांगा, मग नोझलच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा. माप वाढलं तर रिंगा-लायनर, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

बरेच महिने उभा असलेला ट्रॅक्टर निळा धूर मारत असेल तर लगेच हेड खोलू नका. रिंगा खोबणीत चिकटलेल्या असू शकतात. ताजं ऑइल घालून काही दिवस नीट लोडवर चालवा. काही वेळा मोकळ्या होतात.

ऑइलची पातळी आपोआप वाढली आणि धूरही वाढला. ऑइल वाढतं कसं?

ऑइल वाढत नाही, त्यात डिझेल मिसळतं. डायफ्रामचा फीड पंप असेल तर डायफ्राम फाटून डिझेल थेट ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. गळका नोझलही तेच करतो. डिपस्टिकवरचा थेंब बोटांत चोळा आणि वास घ्या. पातळ लागला, डिझेलचा वास आला तर ट्रॅक्टर तिथेच बंद. पातळ ऑइलवर बेअरिंग जातात. आधी गळती दुरुस्त करा, मगच ऑइल आणि फिल्टर बदला.

सायलेन्सरच्या जोडातून काळं तेल ओघळतं.

ट्रॅक्टर तासन् तास मोकळा चालतोय. पाण्याच्या मोटरसाठी लावलेला जनरेटर किंवा गप्पा मारताना बंद न केलेलं इंजिन. स्लोवर तापमान चढत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल आणि ऑइल सायलेन्सरात साठतं. दोनेक तास चांगल्या लोडवर चालवा. तरी थांबलं नाही तर रिंगा आणि गाइड तपासा.

हाफ इंजिन केलं, नवे लायनर टाकले, तरी निळा धूर जात नाही. मिस्त्रीने फसवलं का?

असेलही, पण आधी हे विचारा: रिंगांवरची खूण वरच्या बाजूला ठेवली होती का, रिंगांची तोंडं एकाखाली एक न येता फिरवून बसवली का, जुनेच गाइड ठेवले का? गाइडचे पैसे वाचवायला गिऱ्हाइकच सांगतं आणि नंतर धुराचा दोष मिस्त्रीवर येतो.

दुसरं कारण मालकाचं असतं. नवं इंजिन जपायचं म्हणून पहिले काही दिवस नुसतं स्लो चालवतात. त्याने रिंगा लायनरवर बसत नाहीत, लायनरला चकाकी येते आणि ऑइल वर जातच राहतं. पहिले 50 तास पूर्ण लोड नको, पण स्लोही नको. मधल्या रेसवर, मध्यम कामाला, लोड कमी-जास्त करत चालवा. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदला.

डब्यातलं औषध किंवा जाड ऑइल टाकून धूर जातो का?

काही दिवस दिसत नाही. झिजलेली रिंग औषधाने भरत नाही. जाड ऑइल थंडीत वर रॉकरपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि तोवर वरचे भाग कोरडे फिरतात. मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड घाला, पातळी सपाट जागी मोजा. कमाल खुणेच्या वर भरलेलं ऑइलही निळा धूर करतं.

किल्ली काढली, स्टॉप ओढला, तरी इंजिन वेगाने पळत राहिलं. काय करायचं?

इंजिन स्वतःचं ऑइल जाळून पळतंय. डिझेल बंद करून ते थांबणार नाही. हवा बंद करा: एअर क्लीनरचं तोंड फळीने किंवा जाड ओल्या पोत्याने दाबा, हाताने नाही. पोतं आत ओढलं जाणार नाही इतकं मोठं हवं. तिथवर पोचता येत नसेल आणि तुम्ही सीटवर असाल, पुढे माणूस नसेल, तर वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडा. कानठळ्या बसत असतील आणि काहीच जमत नसेल तर लांब पळा. कारण सापडेपर्यंत तो ट्रॅक्टर परत चालू करायचा नाही.

सेकंड हँड ट्रॅक्टर घेताना धूर कसा तपासू?

सांगून जाऊ नका, किंवा "मी येईपर्यंत चालू करू नका" असं सांगा. पोचल्यावर पहिल्यांदा ब्लॉकवर हात ठेवा. गरम लागला तर मालकाने आधीच चालवून धूर घालवलाय. इंजिन गार होईपर्यंत चहा घ्या, मग स्वतः चालू करा. रेडिएटरची टोपी, ऑइलचं झाकण, ब्रीदर, वर सांगितल्याप्रमाणे बघा. डिपस्टिकवरचं ऑइल मधासारखं हळू ओघळत असेल, तर धूर लपवायला जाड ऑइल घातलंय असं समजा. शेवटी नांगर लावून दोन तास रानात चालवायला मागा. मालक त्याला नाही म्हणाला तर हाफ इंजिनचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.